तिघांच्या डोक्यातला डोंगर

बायकोला डोळे तपासायला आत नेलं, दार मिटलं, आणि तो बाहेरच्या दालनात एका खुर्चीवर टेकला, तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त गाडीचा विचार होता. लावली तिथे राहू देतील, की कुणी येऊन चाकाला कुलूप घालील. समोर काउंटरवरची मुलगी फोनवर कुणाला तरी थेंब कसे घालायचे ते समजावत होती; खालची पापणी ओढा, नाही, खालची, असं पुन्हा पुन्हा. भिंतीवर डोळ्याचा उभा छेद दाखवणारं भलंमोठं चित्र होतं. लिफ्ट आणि पाण्याचं यंत्र यांच्या मधल्या कोपऱ्यात एक कुंडी होती आणि कुंडीत पाम होता. अशा जागी पाम असतोच. उभा जन्म पामांवर घालवलेल्या माणसाला असल्या कुंड्यांकडे न बघायची सवय लागलेली असते, जसा दातांचा डॉक्टर जेवणाच्या टेबलावर समोरच्याच्या तोंडात बघायचं टाळतो. त्यानेही नजर फिरवली. फिरवलेली नजर अर्ध्या वाटेत अडली, आणि मान तशीच वाकडी ठेवून तो बराच वेळ बसून राहिला. हललं तर काहीतरी उडून जाईल असं त्याला वाटलं.

झावळ्या चिरलेल्या नव्हत्या. अखंड होत्या, टोकाशी तेवढ्या दुभंगलेल्या, माशाच्या शेपटीसारख्या. देठांवर गंजाच्या रंगाची भुकटी होती. मधून नवं पान वर येत होतं, ते काळपट तांबडं, आतल्या मांसाच्या रंगाचं. लिफ्टचं दार उघडलं, वाऱ्याची झुळूक आली, एक पान क्षणभर उलटं झालं आणि त्याची खालची बाजू चांदीसारखी लकाकली. तो उठला. म्हातारपणी माणूस उठतो तसा गुडघ्यावर हात दाबून नाही, झटकन उठला, आणि मग मध्येच थांबला, कारण आपण कुंडीकडे चाललो आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये असं त्याला वाटलं. यंत्रातून पेलाभर पाणी घेतलं. ते पीत पीत त्याने पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. बारीक, पुढे झुकलेले दात. एका बाजूला फिरवलं तर गुळगुळीत, उलट फिरवलं तर करवत. कुंडीतल्या मातीवर औषधाने पिवळे झालेले कापसाचे बोळे पडले होते आणि कुणीतरी चघळलेला गम चिकटवला होता. असा पाम जगात एका बेटावर, एका डोंगराच्या एकाच उतारावर होता, आणि तो उतार कुठे आहे हे जगात तीन माणसांना माहीत होतं. त्यातला एक मेला होता.

तो काम करायचा त्या वनस्पतिशास्त्राच्या संस्थेत त्याला ताडमाड म्हणत. तो बुटका होता आणि पामांवर काम करायचा, एवढ्यावर ते नाव पडलं आणि निवृत्तीच्या समारंभापर्यंत टिकलं. त्याने जगातल्या पामांच्या चार-पाच नव्या जाती शोधून काढल्या होत्या, त्यांची वर्णनं लिहिली होती, आणि पहिल्या जातीने त्याला जो धडा शिकवला तो तो कधी विसरला नाही. तरुण होता तेव्हा. एका टेकडीवर खुजा, निळसर पानांचा पाम सापडला. आनंदाच्या भरात त्याने नदी, टेकडी, वाट, सगळं छापून टाकलं, शास्त्रात तसंच करायचं असतं म्हणून. दुसऱ्या वर्षी पुन्हा गेला तर टेकडीवर खड्डे होते. ओळीने, नीट, कुदळीने खणलेले, प्रत्येक पामाच्या जागी एक. कुठल्या तरी हौशी श्रीमंतांच्या बागांत ते पाम गेले होते. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला असल्यामुळे खड्ड्यांत पाणी साचलं होतं आणि प्रत्येक खड्ड्यात आभाळाचा एकेक तुकडा होता. तो त्या टेकडीवर उभा राहिला आणि त्याला खूप लाज वाटली, भर रस्त्यात अंगावरचं वस्त्र सुटावं तशी. त्यानंतर तो कमी बोलू लागला. माणसांशीही.

म्हणून जेव्हा बेटावर हा चांदीच्या पोटाचा पाम सापडला, तेव्हा त्याने वर्णन लिहिलं पण जागा खोटी लिहिली. डोंगर दक्षिणेला होता. त्याने 'बेटाचा उत्तर भाग' एवढंच लिहून सोडून दिलं. त्या वेळी तिथे तिघंच होते. तो; बायको, जी संस्थेत वनस्पतींची चित्रं काढायची आणि त्याच्याबरोबर रानोमाळ हिंडायची; आणि एक स्थानिक वाटाड्या, उंच, हडकुळा, पावसात विडी ओली न होऊ देता ओढू शकणारा. उतार इतका उभा होता की तिघं एकामागून एक, मुळांना धरून, जवळजवळ सरपटत चढले होते. पायाखालची माती लाल आणि साबणासारखी. आणि मग धुक्यात ते पाम, शंभर असतील, दोनशे असतील, सगळे एकाच दिशेने कललेले, वारा आला की एकदम पांढरे होणारे. बायको एका दगडावर बसून चित्र काढत होती. तिने पडलेली फळं रुमालात गोळा केली होती, रंग नीट बघायला. परत निघताना त्याने तिला ती टाकून द्यायला सांगितली. एक बीसुद्धा इथून हलता कामा नये, तो म्हणाला होता. बी हललं की माणूस त्याच्या मागोमाग येतो. तिने रुमाल झटकला होता. तसं त्याने पाहिलं होतं, की पाहिलं असं आता वाटत होतं?

त्यानंतर तो परत कधी तिथे गेला नाही. जाणाऱ्याची पावलं दिसतात. पण सकाळी जाग आल्यावर, पांघरूण न काढता, तो ती वाट एकदा मनात चढायचा. ओढा, फुटका खडक, जिथे वाटाड्या पाय घसरून पडला आणि स्वतःलाच हसला ती जागा, मुळांचा जिना, लाल माती, धुकं. इतरांना सकाळी उठून चूळ भरल्याशिवाय चैन पडत नाही तसं त्याचं झालं होतं. वाटाड्या पाच-सहा वर्षांनी तापाने गेला. फोन बायकोने घेतला होता आणि ओल्या हातांनी येऊन त्याला सांगितलं होतं. त्याला वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या आत, खूप खोल, एक डोकं कमी झालं असंही वाटलं होतं.

दार उघडलं आणि परिचारिका बायकोला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. बाहुल्या मोठ्या करायचं, आठ-दहा दिवस न उतरणारं कडक औषध घातल्यामुळे तिला सगळं धुरकट दिसत होतं. काळा चष्मा लावून ती कुणा दुसऱ्याच बाईसारखी चालत होती. डॉक्टर काय म्हणाले असं त्याने विचारलं, तर पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय, म्हणाली. त्याने तिला कुंडीपाशी नेलं. काही सांगितलं नाही. नुसतं म्हणाला की इथे जरा थांब, मी गाडी बघून येतो. तो दारापर्यंत गेला आणि काचेतून मागे पाहिलं. बायकोने हात पुढे केला, चाचपडत, पान सापडलं, आणि तिने ते उलटं केलं. तळहातावर घेऊन खालच्या बाजूवरून बोटं फिरवली, तापलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवतात तशी. मग मातीत बोट खुपसून पाहिलं. तो परत आल्यावर म्हणाली, "पाणी फार घालतात याला."

तो तिला गाडीत बसवून निघाला. वाटेतल्या सिग्नलला त्याला वाटलं की आपण सांगायलाच हवं, बघ, तोच पाम, दवाखान्यात, कुंडीत. सांगितलं नाही. आधी नक्की करू, उगाच तिला धसका बसायचा. दुपारी जेवायला बसले आणि घास तोंडाशी नेताना त्याचा हात तसाच राहिला. पाणी फार घालतात याला. याला म्हणजे कुणाला? तिला तर काही दिसत नव्हतं. आणि एखाद्या परक्या झाडाचं पान कुणी आधी उलटं करून बघत नाही. समोर बायको काळा चष्मा लावून, वाटी बोटांनी शोधत जेवत होती. तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत खिडकी दिसत होती आणि तो स्वतः कुठेच दिसत नव्हता.

माणूस जिच्याबरोबर चाळीस वर्षं एका छपराखाली राहतो तिच्यावर संशय घ्यायची त्याला सवय नसते, म्हणून मन आधी इकडेतिकडे धावलं. वाटाड्याने मरायच्या आधी कुणाला सांगितलं असेल. त्याच्या हाताखाली शिकलेली मुलगी, जी आता संस्थेची संचालिका झाली होती, तिने कुठून तरी काढून घेतलं असेल. तिने किती वेळा मागितली होती ती जागा. सर, बिया द्या, चार बागांत लावू, एका जागी ठेवणं धोक्याचं आहे. तो नाही म्हणाला होता. संस्थेत मग कुजबुज व्हायची की ताडमाडचा हा पाम खरा आहे की भूत आहे, कारण दाखवायला एक वाळवलेला नमुना आणि बायकोने काढलेलं एक चित्र, एवढंच होतं. त्या कुजबुजीचाही त्याला आनंद व्हायचा. भुताला कुणी खणून नेत नाही.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यातून पत्ता घेऊन झाडं भाड्याने देणाऱ्याच्या गोदामावर गेला. एका जुन्या गिरणीच्या आवारात हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या रांगा होत्या. मालक चाळिशीतला, घामेजलेला, बोलघेवडा माणूस होता. कचेऱ्यांत, बँकांत, दवाखान्यांत तो झाडं ठेवायचा, थकली की उचलून इथे आणायचा, ताजी ठेवायचा. एसीत झाड चार-सहा महिने हसतं साहेब, मग तोंड पाडतं, असं म्हणाला. त्या पामाला त्यांच्या धंद्यात चंदेरी म्हणत. चिवट जात, उन्हाचं कौतुक नाही, म्हणून लिफ्टशेजारी चालते. त्याने विचारलं, किती आहेत? मालकाने डोकं खाजवलं. पूर्वी खूप होती. वडिलांच्या वेळी तर कुठेही जा, चंदेरी असायचीच. आता दोन-तीन कचेऱ्यांत असतील, एक इथे आहे, एक डोळ्यांच्या दवाखान्यात. बाकीची गेली. कुठे गेली, असं विचारल्यावर त्याने सहज मागे बोट दाखवलं.

भिंतीमागे वाळलेल्या झाडांचा ढीग होता. कमरेएवढा. उपटलेली मुळं, कुंडीच्या आकाराची घट्ट माती, झावळ्या. त्या ढिगात ठिकठिकाणी चांदी होती. मेल्यावरही पोट चकाकत होतं. उन्हं कलती होती आणि वारा सुटला तसा सगळा ढीग एकदम पांढरा झाला. त्याच्या पायाखालची माती घसरली असं त्याला वाटलं. त्याने भिंत धरली. भिंत गरम होती.

"तुम्हाला पहिली रोपं कुणी दिली?" त्याने विचारलं.

मालकाला ते नीट आठवत होतं, कारण वडील ती गोष्ट नेहमी सांगत. एक चित्रकार बाई टॅक्सीतून आल्या, मांडीवर रोपं घेऊन. पैसे विचारले तर घेतले नाहीत. मग दरवर्षी यायच्या. "एकच अट घालायच्या," मालक म्हणाला. "सगळी एका जागी ठेवू नका. लांब लांब पाठवा. वडील म्हणायचे, बाई मुली सासरी धाडल्यासारखी रोपं धाडते."

तो चालत घरी आला. गाडी गिरणीपाशीच राहिली, हे त्याला घराच्या जिन्यावर आठवलं. चालताना रस्त्यातल्या प्रत्येक इमारतीच्या काचेच्या दारातून तो आत बघत होता. प्रत्येक दालनात काहीतरी हिरवं होतं. आपण वीस वर्षं या शहरात वावरलो, बँकेत रांगेत उभे राहिलो, लिफ्टची वाट बघितली, आणि ती चंदेरी आपल्या खांद्यापाशी होती. आपण न बघायची सवय लावून घेतली होती. रागाआधी त्याला भीती वाटली. बायको घरात फिरते, कपाटं उघडते, दूध तापवते, तिच्या आत एक अख्खी बाग आहे आणि आपल्याला तिचा वाससुद्धा आलेला नाही.

ती खिडकीशी बसली होती. तो बूट न काढता समोर उभा राहिला आणि म्हणाला, "गोदामावर जाऊन आलो."

तिने विचारलं नाही कुठल्या. म्हणाली, "फळं मी टाकली नव्हती. रुमाल झटकला तेव्हा ती खिशात होती."

मग तिने सावकाश सांगितलं. धाकट्या बहिणीच्या गच्चीवर लावली होती. पाचच उगवली. ती मोठी झाली, त्यांना फळं धरली, त्यांची रोपं केली. बहिणीकडे तो जात नसे. कुठल्याशा जेवणात साडूने त्याच्या बुटकेपणावर विनोद केला होता आणि त्याने तो धरून ठेवला होता. ती दर आठवड्याला जायची. त्याला वाटायचं, बहिणी-बहिणी गप्पा मारत असतील.

"मला सांगायचं होतंस."

"तू काय केलं असतंस?"

त्याला माहीत होतं. त्याने ती उपटून जाळली असती, आणि राख स्वतः घेऊन जाऊन कुठेतरी सांडली असती.

"म्हणून नाही सांगितलं," ती म्हणाली आणि चष्मा काढून डोळे पुसू लागली. रडत नव्हती. औषधाने पाणी येत होतं.

रात्रभर त्याच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. झाड बाजारात आहे, म्हणजे आज ना उद्या कुणाला तरी कळणार की हे त्या वर्णनातलंच. मग कुणीतरी विचारणार की हे मुळात येतं कुठून. बेट लहान आहे. उत्तर भाग पालथा घालून झाला की माणसं दक्षिणेकडे वळतील. त्याला कुदळी दिसू लागल्या. सकाळी तो उठला आणि आयुष्यात पहिल्यांदा वाट न चढता सरळ फोनकडे गेला. संचालिकेला त्याने बायकोच्या रोपांचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, जागा सांगतो, लिहून घे, तिथे पहारा बसवा, कुंपण घाला, काय करायचं ते करा पण आजच करा. तिचा आवाज एकदम विद्यार्थिनीचा झाला, थांबा सर, पेन घेते. त्याने ओढा सांगितला, फुटका खडक सांगितला, मुळांचा जिना सांगितला. इतकी वर्षं आत जपलेलं सगळं चार वाक्यांत संपलं. फोन ठेवल्यावर घरात विलक्षण शांत वाटलं, दुखरा दात काढल्यावर जीभ जशी त्या पोकळीत जाऊन येते तसं मन पुन्हा पुन्हा त्या जागी जाऊन येत होतं. संस्थेची माणसं दुसऱ्या एका कामासाठी त्या बेटावर आधीच होती. आठवड्याभरात ती चढून जातील, असं तिने कळवलं.

तो आठवडा त्याला कसा घालवावा ते कळेना. बायको नेहमीसारखी वागत होती. चहा करी, कपातलं पाणी बोटाने मोजी, कारण अजून धुरकटच दिसत होतं. तो तिच्याशी लागेल तेवढंच बोले. एकदा ती अंघोळीला गेलेली असताना तो गुपचूप मेहुणीकडे गेला. दार उघडून मेहुणी चकित झाली, पण ओरडली वगैरे नाही. या भावोजी, म्हणाली, आणि विचारल्याशिवाय त्याला वर गच्चीवर घेऊन गेली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत, जुन्या बादल्यांत, फुटक्या टबात ती पाच झाडं होती, त्याच्या डोक्याच्या वर गेलेली. चारी बाजूंनी उंच इमारती आल्या होत्या आणि गच्ची विहिरीच्या तळासारखी झाली होती. एका झाडाला पोय, म्हणजे फुलांचा तुरा, आली होती, खाली फळांचा सडा पडला होता. तो खाली बसला, तिथल्या तिथे, पोराटोरांसारखा मांडी घालून, आणि एक फळ नखाने सोललं. आत काही नव्हतं. कवच आणि पोकळी. त्याने दुसरं सोललं, तिसरं सोललं. हाताला नुसता कोरडा भुसा लागत होता.

"अलीकडे अशीच येतात," मेहुणी म्हणाली. "ताई म्हणते, एकाच घरातली आहेत, म्हणून असेल."

ताईचं बरोबर होतं. एका मुठीतल्या बियांपासून वाढलेली सगळी, बहीण-भावंडं, त्यांची पोरं, त्या पोरांची पोरं. आता बाहेरचं रक्त हवं होतं. आणि ते बाहेरचं रक्त उतारावर होतं, शंभर असतील, दोनशे असतील, वाऱ्याबरोबर एकदम पांढरी होणारी. जिना उतरताना त्याला जवळजवळ बरं वाटलं. आपण ते जपलं म्हणून आहे. तिने पसरवलं ते संपत आलं आणि आपण लपवलं ते राहिलं. हे तिला सांगताना कोणते शब्द वापरायचे, तिला लागणार नाही पण कळेल असे, ते तो रस्ताभर जुळवत राहिला.

संचालिकेने फोनवर न सांगता संस्थेत बोलावलं, तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं. तिच्या खोलीत पूर्वी त्याचं टेबल होतं. तिने दार लावून घेतलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली, टेबलापलीकडे बसली नाही.

"सर, ओढा सापडला. खडक सापडला. उतार नाहीये."

त्याला समजलं नाही. चुकीच्या वाटेने गेले असतील, तो म्हणाला, मुळांच्या जिन्यापाशी डावीकडे वळायचं. तिने त्याच्यासमोर छायाचित्र ठेवलं. डोंगराची ती अख्खी बाजू खाली आली होती. लाल, साबणासारखी माती पाण्याने सुटून नदीत गेली होती, खाली नुसता कातळ, आणि कातळाच्या खालच्या अंगाला गाळावर दुसरंच कुठलं तरी रान वाढलं होतं, सरळसोट खोडांचं. त्या झाडांची खोडं मोजली सर, ती म्हणाली. चांगली जुनी आहेत. गावातल्या लोकांनाही विचारलं. तुम्ही येऊन गेल्यावर चार-पाच पावसाळ्यांतच गेला डोंगर. आजूबाजूच्या सगळ्या कड्यांवर आमची माणसं फिरली. एकही झाड नाही.

मग ती हळू आवाजात पुढचं बोलत राहिली. शहरात जी काही उरली असतील ती सगळी गोळा करायची, काचघरात आणायची, त्यांतलं एखादं तरी थोडं वेगळं निघतं का बघायचं. एकसुद्धा आता इकडेतिकडे होता कामा नये, सर. मॅडमना सांगा. त्यांच्यामुळे एवढं तरी आहे. तो मान हलवत होता. त्याच्या आत काहीतरी वेगळंच चाललं होतं. तो मोजत होता, किती दिवस सकाळी आपण ती वाट चढलो. नसलेल्या डोंगरावर. खाली पाय ठेवायला काही नाही आणि आपण चढतोय, रोज, पांघरुणात, कुणाला कळू नये म्हणून जपून, कातळाच्या समोरच्या मोकळ्या हवेत. त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. संचालिकेने पाणी मागवलं.

घरी येताना त्याने ठरवलं की बायकोला आज सांगायचं नाही. तिचा दोष नाही यात. तिने त्या दगडावर बसून ते चित्र काढलं होतं, तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. तो दगडही गेला, हे तिला एकदम कसं सांगायचं? डोळ्यांचं एवढं होऊ दे. दोन दिवसांनी, नीट बसवून, हात हातात घेऊन सांगू. कित्येक दिवसांनी त्याला तिच्याबद्दल माया वाटली, आणि त्या मायेत थोडा मोठेपणाही होता, की आपण तिला सांभाळतोय.

ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती, दाणे एका ताटलीत, टरफलं दुसऱ्यात, न बघता. उन्हं उतरली होती पण तिने दिवा लावला नव्हता. तो आला, पाणी प्यायला, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"संस्थेत गेला होतास?"

"हो. सहजच."

शेंग मोडल्याचा आवाज आला, मग दाणे पडल्याचा.

"डोंगर नाही ना?" ती म्हणाली.

तो वळला नाही. नळाचा थेंब भांड्यात पडत होता तो त्याला ऐकू येत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं की तुला कुणी सांगितलं, संचालिकेचा फोन आला होता का, आणि विचारता विचारताच त्याला कळलं की तसं काही नाही.

"वाटाड्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "त्याच्या जाण्याच्या आदल्या वर्षी. रडत होता. तू बाहेर होतास. मी त्याला म्हटलं, यांना सांगू नका."

त्याने नळ घट्ट केला. थेंब पडायचा थांबला नाही. तेव्हापासून रोपं द्यायला लागले, ती म्हणाली. तोवर नुसती गच्चीवर होती, हौस म्हणून. नंतर वाटलं, आता एवढीच आहेत, एका गच्चीवर ठेवून चालायचं नाही. हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात सांगत होती, आणि तो ऐकता ऐकता मागे मागे चालला होता. जेवताना तो कधी म्हणायचा, आता तिकडे धुकं असेल, आणि ती म्हणायची, असेल. तो म्हणायचा, यंदा फळं चांगली धरली असतील, आणि ती वाढता वाढता म्हणायची, धरली असतील. किती वर्षं. तिचा चेहरा तेव्हा कसा असायचा हे आठवायचा त्याने खूप प्रयत्न केला. हात आठवत होते, वाटी आठवत होती, चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं.

"का?" त्याने विचारलं.

"तू रोज सकाळी तिथे जायचास ना," ती म्हणाली. "मला कळायचं. ओठ हलायचे तुझे."

तो वळला. काळोख झाला होता आणि त्याला फक्त तिची आकृती दिसत होती, खाली वाकलेली, हात चाललेले. हे स्वयंपाकघर, हा ओटा, ही बाई, यांतली प्रत्येक वस्तू त्याला ठाऊक होती, डोळे मिटून हात लावता आला असता. तरी एक पाऊल पुढे टाकायला त्याला धीर होईना. खाली काय आहे ते आधी विचारून घ्यायला हवं होतं.

"आणखी काय काय माहीत आहे तुला?" तो म्हणाला. "जे मला नाही?"

तिचे हात थांबले. ती बराच वेळ तशीच बसून राहिली, कुठून सुरुवात करावी ते ठरवत असल्यासारखी. मग तिने शांतपणे विचारलं, "कशाबद्दल?"